भारताचा फुटबॉल संघ पहिला सामना खेळला, तेव्हा बीड भारतात नव्हतं

३१ जुलै १९४८. लंडनच्या पूर्वेला इलफर्ड नावाचं उपनगर आहे. तिथल्या क्रिकलफील्ड मैदानावर लंडन ऑलिम्पिकचा एक फुटबॉल सामना झाला, भारत विरुद्ध फ्रान्स. स्वतंत्र भारताचा हा पहिला आंतरराष्ट्रीय फुटबॉल सामना.

त्या दिवशी बीड, केज, आष्टी, अंबाजोगाई यांपैकी एकही गाव भारतात नव्हतं. बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातला जिल्हा होता. संस्थान भारतात सामील व्हायला तयार नव्हतं, रझाकारांचा धुमाकूळ चालू होता आणि जीव वाचवण्यासाठी लोक सीमा ओलांडून नगर-सोलापूरकडे जात होते. भारतीय फौजा १३ सप्टेंबरला संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. म्हणजे बीड भारतात आलं ते इलफर्डच्या सामन्यानंतर साधारण सात आठवड्यांनी.

पुढच्या आठ वर्षांत दोन गोष्टी शेजारी शेजारी घडत गेल्या. बीड हैदराबाद राज्याचा भाग राहिलं आणि त्याच हैदराबादने भारतीय फुटबॉलला त्याचा सगळ्यात मोठा प्रशिक्षक आणि खेळाडूंची एक पिढी दिली. आज बीड म्हटलं की कुस्ती, कबड्डी किंवा आष्टी तालुक्यातल्या अविनाश साबळेचं स्टीपलचेस आठवतं. फुटबॉल कुणाच्या मनात येत नाही. पण त्या काळच्या भारतीय संघाची गोष्ट हैदराबादला वगळून सांगताच येत नाही.

मुळात पहिला सामना कोणता?

याचं उत्तर 'भारत' कशाला म्हणायचं यावर अवलंबून आहे.

इंग्रजी अमलात भारतीय फुटबॉलची राजधानी कलकत्ता होती. तिथली इंडियन फुटबॉल असोसिएशन, म्हणजे आयएफए, १८९३ सालची. १९११ मध्ये मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असं हरवून आयएफए शील्ड जिंकली. त्या संघातले अकरापैकी दहा जण अनवाणी खेळले होते. 'अनवाणी भारतीयांनी बूटवाल्या गोऱ्यांना हरवलं' ही गोष्ट तिथून सुरू झाली आणि पुढे भारतीय फुटबॉलला कायमची चिकटली. कधी अभिमान म्हणून, कधी अपयशाचं निमित्त म्हणून.

१९३० च्या दशकात भारतीय खेळाडूंचे संघ परदेशी जाऊ लागले. सिलोनचा दौरा झाला, १९३४ मध्ये दक्षिण आफ्रिकेचा झाला. पण हे संघ आयएफएचे होते. साऱ्या देशाची संघटना, अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, १९३७ मध्ये सिमल्याला स्थापन झाली.

नोंदी ठेवणारे बरेच जण मोजणी १९३८ पासून धरतात. त्या वर्षी करुणा भट्टाचार्य यांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ ऑस्ट्रेलियाला गेला. क्रिकेटसारखे पाच 'कसोटी' सामने ठरले होते. पहिला ३ सप्टेंबरला सिडनीत झाला आणि भारत ३-५ असा हरला. ब्रिस्बेनला ४-४ अशी बरोबरी झाली. न्यूकॅसलला भारताने ४-१ असा विजय मिळवला. सिडनीच्या दुसऱ्या सामन्यात भारत ४-५ ने हरला, पण त्यात लम्सडेनने तीन गोल केले. शेवटचा मेलबर्नचा सामना ऑस्ट्रेलियाने ३-१ असा घेतला. पाचांत एक विजय, एक बरोबरी, तीन पराभव. दोन महिन्यांच्या परमुलखातल्या दौऱ्यासाठी हा हिशेब वाईट म्हणता येणार नाही.

हा संघ ब्रिटिश हिंदुस्थानचा होता आणि त्यातले बहुतेक खेळाडू कलकत्त्यात खेळणारे होते. त्यामुळे १९३८ हा भारतीय संघाचा जन्म मानायचा की १९४८, यावर वाद घालता येतो. मला स्वतःला १९४८ पटतं. महासंघाला फिफाचं सदस्यत्वही १९४८ मध्येच मिळालं.

इलफर्डची ती दुपार

इलफर्डच्या संघाचे कर्णधार होते तालिमेरेन आओ. नागा टेकड्यांमधून आलेले, डॉक्टरकीचं शिक्षण घेणारे, मोहन बागानचे खेळाडू. प्रशिक्षक बलाईदास चॅटर्जी. अकरापैकी आठ जण बुटांशिवाय उतरले. काहींनी पायाला पट्ट्या गुंडाळल्या होत्या.

अर्ध्या तासाच्या सुमारास फ्रान्सने पहिला गोल केला. दुसऱ्या डावात, सत्तराव्या मिनिटाला, सारंगपाणी रमन यांनी बरोबरी साधली. स्वतंत्र भारताचा हा पहिला आंतरराष्ट्रीय गोल. सामना संपायला मिनिटभर असताना फ्रान्सने दुसरा गोल केला आणि २-१ असा जिंकला.

या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या होत्या आणि दोन्ही वाया गेल्या. एक शैलेन मन्ना यांची, एक महाबीर प्रसाद यांची. त्यातली एक जरी आत गेली असती तरी सामना निदान जादा वेळेत गेला असता. सामन्यानंतर इंग्रजी वर्तमानपत्रांनी आणि पुढे आपणही चर्चा केली ती अनवाणी पायांची. मन्नांचे पाय पोलादाचे आहेत की काय हे पाहायला इंग्लंडच्या राजाने त्यांना पँट वर करायला सांगितली, हा किस्सा अजून सांगितला जातो. 'आम्ही फुटबॉल खेळतो, तुम्ही बूटबॉल' असं कर्णधार आओ पत्रकारांना म्हणाले, असंही सांगतात. किस्से गमतीचे आहेत. पण त्यांच्या गर्दीत त्या दोन पेनल्टी विसरल्या गेल्या.

१९५० : न खेळलेला विश्वचषक

'अनवाणी खेळायला फिफाने बंदी घातली म्हणून भारताने विश्वचषक सोडला.' हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच.

झालं असं. ब्राझीलमध्ये १९५० मध्ये होणाऱ्या विश्वचषकासाठी आशियातून ब्रह्मदेश, फिलिपिन्स आणि इंडोनेशिया यांनी माघार घेतली. त्यामुळे एकही पात्रता सामना न खेळता भारताला जागा मिळाली. गट पडले तेव्हा भारत इटली, स्वीडन आणि पॅराग्वेबरोबर होता. मग महासंघाने संघ पाठवायचा नाही असं ठरवलं. कारणं दिली ती संघनिवडीवरचे मतभेद आणि सरावाला वेळ अपुरा पडणं. दूरचा समुद्रप्रवास आणि खर्च हाही विषय होताच, पण प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला ब्राझीलचे आयोजक तयार होते.

मन्ना त्या संघाचे कर्णधार झाले असते. अनवाणी पायांचं कारण खरं नव्हतं, असं त्यांनी पुढे सांगितलं. त्या काळी आपल्या फुटबॉल कारभाऱ्यांच्या लेखी मोठी स्पर्धा म्हणजे ऑलिम्पिक. विश्वचषक अवघा चौथा होता, दुसऱ्या महायुद्धामुळे बारा वर्षं बंद पडलेला होता आणि त्याचं पुढे काय होणार आहे याची त्यांना कल्पना नव्हती. त्या गटाचे सामने शेवटी तीनच संघांत झाले. भारत पुरुषांच्या विश्वचषकात अजून एकदाही खेळलेला नाही.

बुटांची गोष्ट लोकांना आवडते, कारण तीत आपण गरीब आणि निष्पाप ठरतो. महासंघाच्या बैठकीतला निर्णय चुकला होता, ही गोष्ट सांगायला तितकी सुरस नाही.

हैदराबादचे मास्तर

बीड भारतात आल्यानंतर दोन वर्षांनी, १९५० च्या सुमारास, राष्ट्रीय संघाची सूत्रं हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांच्याकडे आली. ते मूळचे शाळामास्तर. सगळे त्यांना रहीमसाहेब म्हणत. 'मैदान' हा हिंदी चित्रपट त्यांच्यावरच आहे, त्यामुळे अलीकडे नाव ओळखीचं झालंय.

हैदराबाद सिटी पोलीस या संघाचेही ते प्रशिक्षक होते आणि हा संघ काय चीज होता हे मुंबईने डोळ्यांनी पाहिलं. मुंबईची रोव्हर्स कप ही १८९१ पासूनची स्पर्धा, मैदान चर्चगेटजवळचं कूपरेज. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलीस हा कप घेऊन गेले. मुंबईकर प्रेक्षक वर्षामागून वर्षं तिकीट काढून आले आणि पाहुण्यांना जिंकताना पाहून घरी गेले.

रहीमसाहेबांची शिकवण काय होती? चेंडू अंगावर घेऊन पळत बसायचं नाही, एका स्पर्शात पुढे द्यायचा. खेळाडूला ज्या पायाने जमत नाही त्या पायानेच सराव करायला लावायचं. ते अशा स्पर्धा भरवत की ज्यात फक्त कच्च्या पायाने खेळायची परवानगी असे. गावाकडच्या तालमीत वस्ताद पोराची कमजोर बाजू हेरून त्याच बाजूने डाव मारायला लावतो, तसंच हे. शिवाय दमसास. भारतात तेव्हा बरेच सामने पूर्ण ९० मिनिटांचे नसत. परदेशी संघ शेवटच्या वीस मिनिटांत आपल्याला गाठायचे, त्याचं एक कारण इथे होतं.

पहिलं फळ लगेच मिळालं. मार्च १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धा झाल्या. भारताने इंडोनेशियाला ३-० असं हरवलं, अफगाणिस्तानला ३-० असंच हरवलं आणि १० मार्चला अंतिम सामन्यात इराणला १-० ने. गोल साहू मेवालाल यांचा, कर्णधार मन्ना, प्रेक्षकांत पंतप्रधान नेहरू. त्या संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन यांच्यासारखे हैदराबादचे खेळाडू होते. अडीच वर्षांपूर्वी हैदराबादचे हे खेळाडू, बीडच्या शेतकऱ्यासारखेच, निजामाची प्रजा होते. आता ते भारतासाठी सुवर्णपदक घेऊन घरी परतले.

पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये कोलंबोत चौरंगी स्पर्धा सुरू झाली. भारत, पाकिस्तान, ब्रह्मदेश आणि सिलोन. पहिल्या वेळी भारत आणि पाकिस्तान संयुक्त विजेते ठरले, नंतरच्या तिन्ही वेळी एकटा भारत. शेजारच्या देशांत आपल्याला तोड नव्हती. मग जुलै आला.

हेलसिंकीचे दहा गोल

१५ जुलै १९५२, हेलसिंकी ऑलिम्पिक. समोर युगोस्लाव्हिया. भारत १०-१ असा हरला. झेबेक या एकाच खेळाडूने चार गोल केले. भारताचा एकमेव गोल अहमद खान यांनी अगदी शेवटी केला.

इथे मात्र बूट आड आले, हे मान्य करायला हवं. हवा थंड होती आणि आपल्यातले बरेच जण अजून अनवाणी होते. सामन्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले. चार वर्षांपूर्वी ज्या गोष्टीचं कौतुक झालं होतं, तिचा असा शेवट झाला. अर्थात युगोस्लाव्हियाचा तो संघ पुढे रौप्यपदक जिंकला, तेव्हा बूट असते तर आपण जिंकलो असतो असं कुणी समजू नये. दहाचे पाच झाले असते इतकंच.

१९५४ च्या मनिला आशियाई स्पर्धेत भारताने जपानला ३-२ असं हरवलं, पण इंडोनेशियाकडून ४-० असा मार खाल्ला आणि गटातूनच बाहेर पडला. गतविजेत्यांसाठी ही नामुष्की होती. त्या वर्षाबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही.

नोव्हेंबर १९५६ : राज्य बदललं, संघ निघाला

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची भाषावार पुनर्रचना झाली. हैदराबाद राज्य मोडलं. तेलुगू भाग आंध्र प्रदेशात गेला, कन्नड भाग म्हैसूरमध्ये आणि मराठवाड्याचे पाच जिल्हे, म्हणजे औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद, द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. बीडच्या माणसाचं सरकार आता हैदराबादेत नाही तर मुंबईत बसू लागलं.

तीन आठवड्यांनी, २२ नोव्हेंबरला, मेलबर्न ऑलिम्पिक सुरू झालं. भारतीय संघाचे कर्णधार समर ऊर्फ बद्रू बॅनर्जी, प्रशिक्षक रहीमसाहेब. संघात हैदराबादी खेळाडूंची रांगच होती. नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, लतीफ, अहमद हुसेन, झुल्फिकारुद्दीन, सिकंदराबादचा तुळशीदास बलराम. सैन्यदलाकडून खेळणारा उंचापुरा गोलकीपर पीटर थंगराज हाही हैदराबादकडचाच. मुंबईकडून दोन महत्त्वाची नावं होती, माटुंग्यात वाढलेले गोलकीपर एस. एस. नारायण आणि आघाडीचा खेळाडू नेव्हिल डिसोझा.

नेव्हिल हे मूळचे गोव्यातल्या बार्देशमधल्या आसगावचे आणि मुंबईत टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळणारे. १९५४ मध्ये मुंबईने संतोष करंडक जिंकला, त्या काळातले मुंबईचे ते हुकमी खेळाडू. आता हेही पाहा की १९५६ मध्ये गोवा पोर्तुगालच्या ताब्यात होता. तो भारतात यायला डिसेंबर १९६१ उजाडायचा होता. जे गाव नकाशावर भारतात नव्हतं, तिथला माणूस भारताची जर्सी घालून मेलबर्नला उतरला होता.

पहिल्या फेरीत भारताची गाठ हंगेरीशी होती. हंगेरी म्हणजे हेलसिंकीचे सुवर्णविजेते. पण त्यांच्या देशात तेव्हा उठाव आणि सोव्हिएत रणगाडे असा प्रकार चालू होता आणि त्यांचा फुटबॉल संघ आलाच नाही. भारताला पुढे चाल मिळाली. नशीब म्हणा हवं तर. पण पुढचा सामना नशिबाने जिंकलेला नाही.

१ डिसेंबरला उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलिया समोर होते. नवव्या मिनिटाला नेव्हिलने पहिला गोल केला. ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्या मिनिटाला पुन्हा नेव्हिल, मध्यंतराआधी पुन्हा मॉरो. २-२. दुसरा डाव सुरू होऊन पाचच मिनिटं झाली होती तेव्हा नेव्हिलचा तिसरा गोल झाला. ऐंशीव्या मिनिटाला कृष्णास्वामी ऊर्फ किट्टू यांनी चौथा मारला. भारत ४, ऑस्ट्रेलिया २. ऑलिम्पिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई खेळाडू आणि उपांत्य फेरीत पोचलेला भारत हा पहिला आशियाई देश.

चारच वर्षांपूर्वी शेवटच्या टप्प्यात कोसळणारा संघ आता शेवटच्या दहा मिनिटांत गोल करत होता.

४ डिसेंबरला उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. पहिला डाव गोलशून्य. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि हेलसिंकीत दहा गोल देणाऱ्या संघावर भारताने आघाडी घेतली. ती दोनच मिनिटं टिकली. पुढच्या पंधरा मिनिटांच्या आत युगोस्लाव्हियाने तीन गोल केले, चौथा आपल्याच खेळाडूच्या पायाला लागून आत गेला. १-४. तीन दिवसांनी कांस्यपदकाच्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असं हरवलं आणि भारत चौथा आला. नेव्हिलचे चार गोल झाले होते, त्या ऑलिम्पिकमध्ये सर्वाधिक गोल करणाऱ्यांत ते संयुक्तपणे पहिले.

१०-१ वरून १-४. पराभव तो पराभवच, पण मधल्या चार वर्षांत काय बदललं हे या दोन आकड्यांत दिसतं. बूट आलेच होते. त्यांच्याबरोबर सराव आला, दमसास आला आणि कुणी कुठे उभं राहायचं याचा विचार आला.

ऑलिम्पिकमधला पराभव ऑस्ट्रेलियाला पचला नसावा. १२ डिसेंबरला सिडनीत दोन्ही संघ पुन्हा खेळले. या वेळी भारताने ७-१ असं हरवलं. हा निकाल आपल्याकडे फारसा कुणाला माहीत नाही, आणि तो का माहीत नाही हे मला आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर

हैदराबाद राज्य मोडलं तरी फुटबॉल संघटनेचं नाव काही काळ हैदराबादच राहिलं. १९५६-५७ आणि १९५७-५८ असे लागोपाठ दोन संतोष करंडक हैदराबादने जिंकले आणि दोन्ही वेळा अंतिम सामन्यात समोर मुंबई होती. बीडच्या एखाद्या फुटबॉलवेड्या माणसाने तेव्हा कुणाची बाजू घ्यायची? नकाशाप्रमाणे तो नुकताच मुंबईकर झाला होता, सवयीने हैदराबादी.

१ मे १९६० ला बीड महाराष्ट्रात आलं. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला २-१ असं हरवून दुसरं सुवर्ण मिळवलं. कर्णधार चुनी गोस्वामी, गोल पी. के. बॅनर्जी आणि जर्नेल सिंग यांचे. रहीमसाहेबांना तेव्हा कर्करोगाने ग्रासलं होतं. ११ जून १९६३ ला ते गेले. नेव्हिल डिसोझा १९८० मध्ये गेले. आशियाई स्पर्धांमधलं फुटबॉलचं सुवर्ण भारताला जकार्तानंतर मिळालेलं नाही आणि ऑलिम्पिकमधला चौथा क्रमांक अजून मेलबर्नचाच आहे.